मग तुम्ही काय करता? : घरच्या मुलांसाठी फाशांचा साहसखेळ कसा चालवावा

गेल्या दिवाळीत आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगणात मुलांनी मातीचा किल्ला केला होता. तुळशीचं लग्न झालं, किल्ला मोडायची वेळ आली, पण धाकटा त्यावरची चित्रं उचलू देईना. म्हणाला, "यांची गोष्ट अजून कुठे संपलीये?" त्या रात्री जेवणं झाल्यावर मी दोन मावळे, एक वाघ आणि एक गवळण टेबलावर ठेवली, लुडोचे दोन फासे घेतले आणि आम्ही पहिला डाव खेळलो. तेव्हा धाकटा सहा वर्षांचा होता आणि थोरली नऊ वर्षांची. आता आम्ही जवळजवळ दर शनिवारी खेळतो.

सुरुवातीला मला हे कोणी समजावून सांगितलं नव्हतं. जे सापडलं ते मोठ्यांसाठी लिहिलेलं, इंग्रजीत आणि शेकडो पानांचं. ज्यांना आपल्या मुलांना घेऊन हा खेळ सुरू करायचा आहे पण कुठून धरावं ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक जण सूत्रधार होतो, बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र असतं. सूत्रधार प्रसंग सांगतो: समोर काय दिसतंय, कसला आवाज येतोय. मग विचारतो, "तुम्ही काय करता?" मुलं सांगतात. ते जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा आणि जे दान पडेल त्यावरून गोष्ट पुढे न्यायची. यात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, पटही लागत नाही. हा प्रकार रुळला तो १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पासून. त्यात सूत्रधाराला डंजन मास्टर म्हणतात, बाकीच्या खेळांत गेम मास्टर. आमच्या घरी मात्र नाटकातला सूत्रधारच आहे.

लागणारं साहित्य

- फासे (कुठले, ते पायरी २ मध्ये)
- प्रत्येक मुलासाठी एक जाड कागद, पेन्सिल, खोडरबर
- वाटीभर चिंचोके किंवा कवड्या (मारामारीत पात्रांचे जीव मोजायला, पायरी ७ बघा)
- फासे टाकायला परात आणि तिच्यात अंथरायला जुना टॉवेल (स्टीलमध्ये नुसते फासे टाकले तर शेजारपाजारपर्यंत आवाज जातो)
- किल्ल्यावरची चित्रं, बुद्धिबळाच्या सोंगट्या किंवा रंगीत बटणं
- सूत्रधारासाठी एक वही
- पाऊण तास, ज्यात कुणाचाही फोन टेबलावर नसेल

यात विकत घ्यावं लागेल असं फार काही नाही. महागडी पुस्तकं, सूत्रधाराची वही झाकायचे पडदे, प्लास्टिकचे ड्रॅगन यांच्यावर पहिल्या दोन महिन्यांत एक रुपयाही खर्च करू नका.

पायरी १ : मुलांचं वय बघून नियम निवडा

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची पाचवी आवृत्ती २०१४ साली आली. तिचे मूळ नियम प्रकाशकांनी २०२३ साली क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले, त्यामुळे ते कुणालाही फुकट आणि रीतसर उतरवून घेता येतात. अडचण एवढीच की तो दस्तऐवज चारशेच्या आसपास पानांचा आहे. मी सुरुवातीला तो पहिल्या पानापासून वाचायला घेतला आणि तीन आठवडे पुढचा डाव झालाच नाही. तो शब्दकोशासारखा वापरायचा असतो. अडलं तर उघडायचा.

माझ्या अनुभवावरून सांगते: मूल चार ते सात वर्षांचं असेल तर नियम एका वाक्यात मावले पाहिजेत. आठ ते अकराच्या मुलांना एका पानाचे नियम पेलतात आणि आवडतातही, कारण या वयात त्यांना आकडे वाढवायला फार आवडतं. बारा वर्षांच्या पुढे खरा, पूर्ण खेळ द्या. ती तुमच्याआधी नियम पाठ करतील.

दोन भावंडांच्या वयात अंतर असेल तर काय करायचं? दोघांना वेगवेगळे नियम द्या. माझी मुलं अशीच खेळतात आणि त्यात काही अडत नाही, कारण शेवटी फाशाने एवढंच सांगायचं असतं की जमलं की नाही.

पायरी २ : फासे

पूर्ण संचात सात फासे असतात: ४, ६, ८, १०, १२ आणि २० बाजूंचे एकेक, शिवाय दशकं दाखवणारा आणखी एक दहा बाजूंचा. ऑनलाइन सहज मिळतात. घरात रांगतं मूल असेल तर ते डब्यात बंद ठेवा. चार बाजूंचा फासा टोकदार असतो आणि तोंडात सहज जातो.

संच यायला वेळ असेल तर थांबू नका. वीस चिठ्ठ्यांवर १ ते २० आकडे लिहून वाटीत टाका, काढलेली चिठ्ठी प्रत्येक वेळी परत टाका, झाला वीस बाजूंचा फासा. किंवा लुडोचे दोन फासे टाकून बेरीज करा. ६ किंवा जास्त पडण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के, ७ किंवा जास्तची ५८ टक्के, ८ किंवा जास्तची ४२ टक्के, आणि १० किंवा जास्तची फक्त १७ टक्के. म्हणजे सोप्या कामाला ६, मध्यमला ७ किंवा ८, आणि "अगं, हे फार कठीण आहे हं!" अशा कामाला १०. आम्ही दीड महिना एवढ्यावरच खेळलो.

पायरी ३ : आदल्या दिवशी मुलांशी बोला

ही पायरी गाळू नका. मी गाळली होती. दुसऱ्या डावात मी मोठ्या उत्साहाने अंधारी विहीर आणली, धाकट्याच्या पात्राला तिच्यात एकटं पाडलं आणि तो टेबलावरून उठून माझ्या कुशीत शिरला. त्या रात्री तो दिवा बंद करू देत नव्हता. चूक माझी होती. त्याला एकटं राहण्याची भीती वाटते हे मला माहीत होतं, पण खेळाच्या भरात ते माझ्या लक्षात राहिलं नाही.

आता नवीन गोष्ट सुरू करायच्या आधी मी दोघांना तीन प्रश्न विचारते. गोष्टीत काय असलं तर मजा येईल? कशाची थोडीशी भीती वाटली तर चालेल? आणि काय अजिबात नको? उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर लिहिते. आमच्या पानावर 'कुत्र्याला काही होता कामा नये' हे थोरलीचं आहे आणि 'एकट्याला कोंडायचं नाही' हे धाकट्याचं.

दुसरं म्हणजे टाइमप्लीज. मैदानात खेळताना मूठ वर करून मुलं जे म्हणतात, तेच. मोठ्यांच्या खेळातही पुष्कळ ठिकाणी टेबलावर फुली काढलेलं एक कार्ड ठेवतात. कुणी ते उचललं की चालू प्रसंग तिथल्या तिथे बदलायचा आणि कारण विचारायचं नाही. आपल्या मुलांना हा नियम शिकवावा लागत नाही, तो त्यांच्या जिभेवर आहेच. फक्त त्यांना सांगा की इथेही टाइमप्लीज चालतं आणि आई-बाबांनाही ते ऐकावं लागतं. आणि मग खरंच ऐका. धाकट्याने सुरुवातीला तीन-चार वेळा उगीच म्हणून पाहिलं. मी प्रत्येक वेळी थांबले. त्यानंतर त्याने ते फक्त गरज असेल तेव्हाच वापरलं.

पायरी ४ : पात्रं तयार करा

वीस मिनिटांत संपवा. कागदाच्या वरच्या अर्ध्या भागात चित्र, खालच्या भागात माहिती.

लहान मुलासाठी 'अमेझिंग टेल्स' नावाच्या खेळातली पद्धत मला सर्वात चांगली वाटते. मुलाने आपल्या पात्राची चार कौशल्यं सांगायची. ज्यात ते सर्वात पटाईत त्याला बारा बाजूंचा फासा, मग दहा, आठ आणि सहा. कुठल्याही कामाला त्या कौशल्याचा फासा टाकायचा. ३ किंवा जास्त पडलं की जमलं. बारा बाजूंच्या फाशावर १०० पैकी ८३ वेळा जमतं, सहा बाजूंच्या फाशावर ६७ वेळा. म्हणजे लहान मूल बहुतेक वेळा जिंकतं, पण खात्री कधीच नसते. कौशल्यं मुलाच्याच शब्दांत लिहा. धाकट्याची होती: जोरात पळणं, वाऱ्याशी बोलणं, लपणं आणि लाडू करणं. "लाडू करणं हे काही कौशल्य नाही" असं म्हणायचा मोह आवरा. आमच्या गोष्टीत त्याच लाडवांनी दोनदा जीव वाचवलाय.

मोठ्या मुलासाठी ताकद, चपळाई आणि अक्कल असे तीन गुण घ्या. एकाला ३, एकाला १, एकाला ०. कुठला कशाला ते मूल ठरवेल. काम करताना वीस बाजूंचा फासा टाकून त्यात गुण मिळवायचा. सोप्या कामाला बेरीज ८ लागते, मध्यमला १२, कठीणला १६. गुण ३ असेल तर शक्यता अनुक्रमे ८०, ६० आणि ४० टक्के होते. गुण ० असेल तर ६५, ४५ आणि २५. मूळ खेळात सोप्या कामाला १०, मध्यमला १५ आणि कठीणला २० असे आकडे असतात. ते मुलांसाठी कडक पडतात. लागोपाठ चार वेळा अपयश आलं की नऊ वर्षांचं मूल खुर्चीत मागे रेलतं आणि मग त्याला परत आणणं अवघड जातं.

शेवटी प्रत्येक पात्राला एक आवडती वस्तू आणि एक खोड. वस्तू खेळात वापरायला होते, खोड गोष्टीला.

आणखी एक. घरातल्या सर्वात लहान मुलाला आपण सगळ्याच खेळांत कच्चा लिंबू करून टाकतो. खेळू द्यायचं पण त्याचं दान धरायचं नाही. इथे ते करू नका. चार वर्षांच्या मुलाने सांगितलेली गोष्टही गोष्टीत घडली पाहिजे, नाहीतर ते पाच मिनिटांत उठून जातं आणि जायलाच हवं.

पायरी ५ : एका पानाचं साहस लिहा

इथे सर्वात जास्त वेळ द्या, पण लिहा कमी. माझा पहिला मसुदा अकरा पानांचा होता, संवादांसकट. मुलांनी दुसऱ्याच मिनिटाला डावीकडे जायच्या ऐवजी झाडावर चढायचं ठरवलं आणि अकराच्या अकरा पानं वाया गेली. गोष्ट लिहायची नाही. जागा, माणसं आणि त्या माणसांना काय हवंय तेवढंच लिहायचं. काय घडतं ते मुलं ठरवतील.

किल्ला कुठून आणायचा हा प्रश्न मराठी घरात पडू नये. परदेशी पुस्तकांतल्या तळघरांची नावं माझ्या मुलांच्या डोळ्यांपुढे काही उभं करत नाहीत. पण देवडी, चोर दरवाजा, जंग्या, पाण्याचं टाकं, धान्यकोठार, बुरूज, बालेकिल्ला हे शब्द त्यांनी गडावर पायांनी अनुभवलेले असतात. राजगडाच्या सुवेळा माचीवरचं नेढं ज्या मुलाने पाहिलंय, त्याला "खडकाला आरपार भोक आहे आणि त्यातून वारा शिट्टी वाजवतोय" एवढं सांगितलं की पुरे. मात्र गडाला नाव काल्पनिक द्या. इतिहासातली खरी माणसं, खऱ्या लढाया या खेळात मी आणत नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात खरं आणि रचलेलं लगेच मिसळतं, आणि इतिहास त्याला त्याच्या जागी, नीट कळायला हवा.

आपल्याकडच्या लोककथांमध्ये पात्रांचा साठा मोठा आहे: वाट चुकवणारा चकवा, पाण्यातला गिरा, पिंपळावरचा मुंजा, गावाची राखण करणारा राखणदार. निवडताना थोडा विचार करा. मुंजा म्हणजे लहानपणीच गेलेला मुलगा. ते मुलांना समजावून सांगावं लागतं, म्हणून मी त्याला अजून बाजूला ठेवलाय. आणि ज्यांची कुठेतरी पूजा होते त्यांना आकडे लावून त्यांच्याशी मारामारी करायची नाही. ते मदत मागू शकतात, आशीर्वाद देऊ शकतात, बस.

माझं आत्तापर्यंतचं सर्वात चाललेलं साहस खाली देते. तसंच्या तसं वापरा.

मूळ कल्पना अशी: वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला भक्त मोठमोठ्या चामडी वहाणा वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. त्यावरून मी एक निनावी राखणदार घेतला. त्याच्या वहाणा चोरीला गेल्या आहेत. तो रात्री फिरू शकत नाही, म्हणून गावाच्या वाटेवर चकव्याने धुमाकूळ घातलाय.

पहिली जागा, वडाचा पार. म्हातारा राखणदार अनवाणी बसलाय, काठी बाजूला. वहाणा प्रत्येकी हातभर लांब. मातीत ठसे उमटलेत, माणसाच्या दुप्पट आकाराचे, आणि ते खाडीकडे जातात. इथे फासा टाकायचा नाही; मुलांना बोलू द्या.

दुसरी जागा, करवंदीच्या जाळ्यांमधली पायवाट. कितीही चाललं तरी तोच वाकडा माड परत समोर. चकवा आहे. यातून सुटायचं एकच बरोबर उत्तर मी ठरवलेलं नव्हतं, तुम्हीही ठरवू नका. मुलं जे सुचवतील त्यातलं पहिलं पटण्याजोगं उत्तर बरोबर. थोरलीने झाडांना दोऱ्या बांधल्या. धाकट्याने वाऱ्याला विचारलं.

तिसरी जागा, जांभ्या दगडाचा पडका किल्ला. दरवाजा आतून बंद. आत जायच्या तीन वाटा: तटावरून चढणं (कठीण), गवताआडचा चोर दरवाजा शोधणं (मध्यम), हाक मारून बघणं (आतून कुणीतरी दचकून मोठ्याने शिंकतं).

चौथी जागा, टाकं. पाणी काळं, काठावर ओल्या पावलांचे ठसे. पाण्यात एक मोठं कासव आहे. त्याने सगळं पाहिलंय, पण ते गोष्ट ऐकल्याशिवाय बोलत नाही. मुलांना तिथल्या तिथे एक छोटी गोष्ट रचून सांगायला लावा. हा प्रसंग छोटा वाटतो, पण माझ्याकडे तोच सर्वात लांबला.

पाचवी जागा, बुरूज. चोर तिथे बसलाय: राक्षसाचं पोर. वैशाखात कातळ तापतो आणि त्याच्या पायांना चटके बसतात. दुसरं काही त्याला मिळालं नाही, म्हणून त्याने वहाणा उचलल्या. कुणी त्या ओढून घ्यायला गेलं तर ते लढेल, आणि घाबरलं तर रडेल.

मी तिथे मारामारी योजली होती, चिंचोकेही मोजून ठेवले होते. धाकटा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आपण याला माडाच्या झावळ्यांच्या वहाणा करून देऊ या की." थोरली म्हणाली, झावळ्या दोन दिवसांत फाटतील, सुंभ लागेल. पुढची वीस मिनिटं ते दोघं एका कल्पनेतल्या राक्षसाच्या पायाचं माप कसं घ्यायचं यावर बोलत होते. माझे चिंचोके वाटीतच राहिले.

एवढ्यासाठी चोराला कारण द्यायचं. त्याला काहीतरी हवं असेल तर मुलांना निवड असते. तो नुसता दुष्ट असेल तर फासे आपटण्यापलीकडे त्यांना करायला काही उरत नाही.

पायरी ६ : खेळ चालवताना

प्रसंग तीन वाक्यांत सांगा, त्यातलं एक वास किंवा आवाजाचं असू द्या. "टाक्याच्या काठावर शेवाळ आहे. ओल्या मातीचा वास येतोय. पाण्यात कुणीतरी बुडबुडे सोडले." मग लगेच प्रश्न: "मग तुम्ही काय करता?" आणि गप्प बसा. ही शांतता सुरुवातीला जड जाते. दहा सेकंद मुलं काहीच बोलत नाहीत आणि आपल्याला वाटतं की काहीतरी सुचवावं. सुचवू नका. त्या दहा सेकंदांत ती विचार करत असतात.

फासा दर वेळी टाकू नका. दार उघडायला, शिडी चढायला फासा नको. जिथे जमलं तरी गोष्ट पुढे जाते आणि नाही जमलं तरी वेगळ्या वाटेने पुढे जाते, तिथेच टाका. "नाही जमलं, आता पुढे?" असं कधी म्हणू नका. तटावर चढताना थोरलीला कमी दान पडलं तर ती वर पोचते, पण तिची झोळी खाली पडते आणि तांब्याच्या आवाजाने सगळा गड जागा होतो. चोर दरवाजा सापडला नाही तर चोर दरवाजातूनच कुणीतरी बाहेर येतं.

फासे सगळ्यांसमोर टाका आणि पडलेलं दान बदलू नका. काही पालक मुलांच्या बाजूने हळूच आकडा फिरवतात. मीही एकदा फिरवला. थोरलीने पाहिलं आणि त्या दिवसापुरता तिचा रस गेला. सोपं करायचं असेल तर फासा टाकायच्या आधी लागणारा आकडा कमी करा. किंवा मुलाने छान युक्ती काढली असेल तर दोन फासे टाकू द्या आणि जो मोठा तो धरा. २० पडण्याची शक्यता एका फाशावर ५ टक्के असते, दोनांतला मोठा घेतला तर पावणेदहा होते. ज्या दिवशी तो २० पडतो त्या दिवशी घरात जो आरडाओरडा होतो, त्यासाठी फासा खरा असावा लागतो.

आणि खेळातून शिकवण देऊ नका. दात घासणारा राजपुत्र, गृहपाठ करणारी जादूगारीण असलं काही आणलं की मुलांना लगेच कळतं की हे आईचं काम आहे, राखणदाराचं नाही. बेरीज-वजाबाकी, नकाशा काढणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं हे सगळं आपोआप होतं. त्याचं नाव काढू नका.

भाषेचं सांगायचं तर, माझी मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. खेळ मराठीतच ठेवायचा असं मी ठरवलं आणि त्यासाठी शब्द घडवले: हिट पॉइंटला जीव, इनिशिएटिव्हला पहिली पाळी, इन्व्हेंटरीला झोळी. माझ्या बहिणीची मुलं परदेशात असतात, ती महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर खेळायला बसतात. तिकडचे फासे तिकडे, इकडचे इकडे, आणि सांगितलेल्या दानावर विश्वास. एरवी इंग्रजीत उत्तरं देणारा भाचा त्याच्या पात्राच्या तोंडून मराठी बोलतो, कारण कासवाला इंग्रजी येत नाही असं आम्ही ठरवलंय.

पायरी ७ : मारामारी आलीच तर

प्रत्येक पात्राला पाच चिंचोके, म्हणजे पाच जीव. छोट्या शत्रूला दोन, मोठ्याला सहा. वार लागला की एक चिंचोका काढायचा. मूळ नियमांत पहिल्या पातळीचा, म्हणजे नवखा, जादूगार एका साध्या गॉब्लिनच्या (छोट्या राक्षसाच्या) दोन फटक्यांत कोसळू शकतो; मुलांसाठी ते चालणार नाही.

चिंचोके संपले की पात्र मरत नाही, बेशुद्ध पडतं, आणि कुणीतरी त्याला पाठीवर घेऊन पळायचं असतं. हे आधीच सांगून टाका. शत्रूही शेवटपर्यंत लढत नाहीत. अर्धे चिंचोके गेले की पळतात, शरण येतात किंवा सौदा करतात. मारामारी दहा मिनिटांच्या पुढे नेऊ नका.

पायरी ८ : भांडणं

दोन नियम पुरेसे आहेत. एकमेकांच्या झोळीतून चोरायचं नाही, आणि एकमेकांवर वार करायचा नाही. एक मूल सारखं दुसऱ्याच्या वतीने बोलत असेल तर ज्याची पाळी त्याच्या हातात कवडी द्या. कवडी ज्याच्याकडे, त्याच्याच पात्राचं मी ऐकते. थोरलीला हे जड गेलं. तिला मी नकाशा काढायचं काम दिलं, तेव्हापासून पाळीची वाट बघताना ती नकाशा भरते.

खरं भांडण झालं, म्हणजे पात्रांचं नाही तर मुलांचं, तर खेळ बंद करून पाणी प्यायला उठा. पात्रांच्या तोंडून मुलांना समजवायला जाऊ नका.

पायरी ९ : थांबणं आणि पुढचा डाव

पाऊण तास झाला की थांबा, मुलं "अजून थोडं" म्हणत असली तरी. सहा वर्षांच्या मुलाला तेवढंच पुरतं. दहा-अकराच्या मुलांबरोबर दीड तास चालतं. झोपायच्या तासभर आधी खेळ संपवा, आणि भीतीच्या जागी नाही, सुरक्षित जागी: पारावर, शेकोटीजवळ, कुणाच्या तरी ओसरीवर.

पुढच्या वेळी मागची गोष्ट तुम्ही सांगू नका, मुलांना विचारा. त्यांना जे आठवेल तेच महत्त्वाचं. जे आठवत नाही ते तुमच्या वहीतूनही काढून टाका. चार-सहा महिन्यांत मोठं मूल म्हणेल की आता मी सूत्रधार. त्याला तीन जागांचं एक कोरं पान द्या आणि तुम्ही पात्र व्हा. त्याचे नियम चुकले तर दुरुस्त करू नका, आणि त्याची कोडी चटकन सोडवू नका.

वहीत माझं एक शेवटचं पान असतं, त्यावर मी फक्त मुलांनी विचारलेले प्रश्न लिहिते. वहाणांच्या गोष्टीनंतर धाकट्याने झोपताना दोनदा विचारलं होतं, "त्या पोराची आई कुठे गेली?" मला माहीत नव्हतं. पुढच्या शनिवारचं साहस तिला शोधायला जाण्याचं होतं.